फोटोला नाही म्हणण्याची सोय

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या गोठणगाव भागात सफारीच्या जिप्सींनी दोन्हीकडून वाट अडवली आणि एफ-२ ही वाघीण आपल्या पाच बछड्यांसह मध्ये अडकली. त्याची चित्रफीत सगळीकडे पसरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइड निलंबित झाले. तेव्हापासून सुट्टीत भिवापूर तालुक्यातल्या आमच्या गावी गेले, की सफारीत मोबाइल नेऊ द्यावा की नाही हा वाद कानावर पडतो. आणि मी ओसाकाला राहते म्हणून शेवटी कोणीतरी माझ्याकडे पाहून म्हणतेच, की जपानात असे होणारच नाही, तिकडे शिस्त लोकांच्या रक्तात आहे.

हे मला पटत नाही. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन हिंडण्याचा माझा नेम आहे, आणि शिस्त मोडणारी गर्दी मी तिकडेही पुष्कळ पाहिली आहे. फुजीकावागुचिको या गावात लॉसन या साखळीच्या एका किराणा-खाऊच्या दुकानामागे फुजी पर्वत उभा दिसतो. त्या एका फोटोसाठी पर्यटक वाटेल तिथून रस्ता ओलांडू लागले, कचरा टाकू लागले, तेव्हा मे २०२४ मध्ये गावाने अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळी जाळीच ताणली. थोड्याच दिवसांत त्या जाळीला कॅमेऱ्यासाठी पाडलेली भोके सापडली. क्योतोच्या गिओन वस्तीत तर लोक गेइको (पारंपरिक नृत्य-गायन करणाऱ्या कलावंत स्त्रिया) आणि माइको (त्यांच्या शिकाऊ मुली) यांच्या मागे धावत आणि त्यांच्या किमोनोला हात घालत. तिथल्या रहिवाशांनी २०१९ मध्ये खासगी गल्ल्यांच्या तोंडाशी पाट्या लावल्या: परवानगीशिवाय फोटो काढल्यास दहा हजार येन दंड. ज्यांच्या दारात हा त्रास होत होता, त्यांनीच आपल्याला काय चालणार नाही ते लिहून लावले, हे मला त्यात सर्वांत मोलाचे वाटते. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये फोटो काढतानाचा आवाज सहसा बंदही करता येत नाही. चोरून फोटो काढले जाऊ नयेत म्हणून कंपन्यांनी ती व्यवस्था ठेवली आहे. रक्तातच शिस्त असती, तर यातले काहीच करावे लागले नसते.

आपल्याकडे ‘नाही’ म्हणण्याचे ओझे एकट्या चालकावर पडते. माझा मावसभाऊ सफारीची जिप्सी चालवतो. तो मला म्हणाला, “ताई, पर्यटक म्हन्ते गाडी पुढं घे. त्याच्याच पैशावर आमची चूल पेटते, त्याले नाही कसं म्हनाचं?” म्हणूनच मोबाइलबंदी हवी असे माझे ठाम मत आहे. मोबाइल फाटकावरच जमा झाला, तर गाडी पुढे घेण्याचा हट्ट निम्मा सरतो आणि उरलेल्या हट्टाला उत्तर देताना त्या पोराच्या पाठीशी नियम उभा राहतो.

मात्र हा वाद वाघापाशीच थांबतो, याची मला खंत आहे. हिवाळ्यात आमच्याकडे मिरचीचे सातरे, म्हणजे मिरची पसरून निवडण्याच्या जागा, लागतात. लालभडक मिरची पसरलेली असते आणि ठसक्यामुळे तोंडाला फडके बांधलेल्या बाया दिवसभर देठ खुडत बसतात. माझ्या आईने कित्येक हंगाम ते काम केले. हल्ली रस्त्याने जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात, लोक उतरतात, वाकलेल्या बायांचे फोटो काढून निघून जातात. कोणी एका शब्दाने विचारत नाही, आणि मीही पूर्वी विचारत नसे.

मला विचारायला लावले ते जपानातल्या नारा शहराजवळच्या एका खेड्यातल्या आजीने. ओसरीत सोललेली काकी (पर्सिमन) फळे दोरीला बांधून वाळत टांगलेली होती. मी कॅमेरा वर केला, तशी ती हात आडवा करून उठली आणि आत गेली. मी ओशाळून उभी राहिले. थोड्या वेळाने ती ॲप्रन बदलून, केस विंचरून बाहेर आली आणि फळांशेजारी ताठ बसली. तो फोटो छापून मी तिला टपालाने पाठवला.

मागच्या जानेवारीत सातऱ्यावर गेले, तेव्हा कॅमेरा पिशवीतच ठेवून आधी विचारले. तिघींनी नको म्हटले. चौथीने तोंडावरचे फडके सोडले, पदर नीट केला आणि म्हणाली, “काढ ना बाई, पन कागदावरचा मले एक देजो.” उमरेडला जाऊन तो छापून आणला आणि परत निघण्याच्या आदल्या दिवशी तिच्या हातात दिला.