गाय मिळाली का? हो / नाही

ग्रामीण योजनांचं मूल्यमापन करणारे अर्थतज्ज्ञ व्हायचंय? मग विदर्भासारखं कुरण नाही. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची. तेव्हा कामाला लागलेले अभ्यासक निवृत्त झाले असतील, कालव्यांचं काम अजून चालूच आहे. एवढी शाश्वती सरकारी नोकरीतसुद्धा नाही.

आधी प्रश्नावली आखून घ्या. २००६ साली विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज आलं, त्यात निम्म्या किमतीत दुभत्या गाई होत्या. तुमचा रकाना एवढाच: 'गाय मिळाली का? हो / नाही.' यवतमाळकडचा कास्तकार म्हणेल, "भेटली ना सायेब! पन चारा कुठून आनू? माह्या घरच्याइपेक्षा तिचंच खानं जास्त. इकून टाकली." तुम्ही 'हो'वर खूण करा. लाभार्थी एक. 'विकली' असा रकाना ठेवणाऱ्याला पुढच्या कामाला कोणी बोलावत नाही.

मुहूर्तही साधता आला पाहिजे. जलयुक्त शिवार डिसेंबर २०१४ मध्ये आलं, ऐन दुष्काळात. पहिली पाहणी अशाच वर्षी उरकावी, दुसरी धो-धो पावसानंतर. विहिरीला पाणी वाढलेलं दिसणारच! ते नाला खोल केल्यानं वाढलं की आभाळातून पडल्यानं, हे कळायला योजना न पोचलेल्या शेजारच्या गावातली विहीर बघावी लागते. तिकडे फिरकू नका. तीही तुडुंब निघाली तर सगळा अहवाल नव्यानं लिहायची पाळी.

फारच शिकलेले असाल तर योजना कुठे द्यायची ती गावं चिठ्ठ्या टाकून निवडा. या पद्धतीच्या प्रयोगांना २०१९ साली नोबेल मिळालं, हे पहिल्याच पानावर येऊ द्या. चिठ्ठ्या मात्र सभापतींना विचारून उघडा.

गटचर्चा सरपंचांच्या ओसरीवर, तेही वेचणीच्या दिवसांत. बाया वावरात असतात, त्यामुळे चर्चा लवकर आटोपते. महिलांचा सहभाग हजेरीपटावरच्या अंगठ्यांवरून मोजता येतो.

निष्कर्ष ठरलेला: 'परिणाम संमिश्र, सखोल अभ्यासाची गरज.' या मालाला हमीभाव लागत नाही.

आणि हो, मजुरी पाडून दीड तास तुमच्यापुढे बसलेल्या बाईला पैसे देऊ नका. पैसे दिले की उत्तरं बिघडतात, असं शास्त्र आहे. अहवाल लिहिणाऱ्याच्या मानधनाला ते लागू नाही.