‘मदतीसाठी एकच ऑप्शन का सांगत नाही?’ : दोन ताऱ्यांच्या परीक्षणाला आमचं उत्तर

नमस्कार. आमच्या लिनक्स कमांड-पुस्तिकेला तुम्ही दोन तारे दिलेत. मदत बघायची पद्धत दर पानावर वेगळी आहे, सगळीकडे ‘-एच’ असं एकदाच सांगून टाकायला हवं होतं, ही तुमची पहिली तक्रार. तेच गृहीत धरून तुम्ही ‘शटडाउन -एच’ चालवलंत आणि सर्व्हर बंद पडला. त्रास झाला हे खरं. पण नेमक्या याच कारणासाठी तो नियम पुस्तिकेत नाही, आणि पुढच्या आवृत्तीतही येणार नाही.

‘-एच’ हे अक्षर मदतीसाठी कुणी राखून ठेवलेलं नाही. पॉझिक्सच्या (युनिक्ससारख्या प्रणालींच्या सामाईक मानकाच्या) मार्गदर्शक सूचना ऑप्शन कसे लिहावेत ते सांगतात. मदतीचं अक्षर ठरवून देत नाहीत. ग्नूच्या (लिनक्सवरची बरीच मूळ साधनं बनवणाऱ्या प्रकल्पाच्या) नियमावलीत ‘--हेल्प’ आहे, ती मदत स्टँडर्ड आउटपुटवर (नेहमीचा निकाल जातो त्या वाटेने) छापून प्रोग्रॅमने यशस्वीपणे बाहेर पडावं असंही आहे. बाकी ज्याची त्याची मर्जी. ‘युजरअ‍ॅड -एच’ मदत दाखवतं. ‘डीएफ -एच’ आकडे वाचायला सोपे करतं, ‘ग्रेप -एच’ फाइलींची नावं गाळतं आणि ‘चोन -एच’ थेट सिमलिंकचाच (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या दुव्याचा) मालक बदलतं. सिस्टमडीच्या (बऱ्याच लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) ‘शटडाउन’मध्ये वेळ दिली नाही तर एक मिनिट धरलं जातं. त्या मिनिटात ‘शटडाउन -सी’ दिलं की बेत रद्द होतो. रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) असताना अंदाजाने ‘-एच’ टाकूच नये. ‘--हेल्प’ टाकावं, ते ओळखीचं नसेल तर बहुतेक प्रोग्रॅम कुरकुर करून थांबतात, मॅकवरचा ‘सेड’ (मजकूर बदलायचं साधन) थांबतो तसा.

‘आयपी’ या नेटवर्कच्या कमांडचं पान वेगळं दिसतं, कारण ते साधनच वेगळं वागतं. तिथे ‘-एच’ आकडे वाचायला सोपे करण्यासाठी आहे आणि मदत शब्दाने मागायची: ‘आयपी लिंक हेल्प’. ती स्टँडर्ड एररवर (पाइप ‘|’मध्ये न जाणाऱ्या, चुकांच्या संदेशांच्या वाटेने) येते, त्यामुळे पुढे ‘| ग्रेप एमटीयू’ जोडलं तरी सगळा मजकूर तसाच अंगावर येतो. पाइपच्या आधी ‘२>&१’ लिहा, मग गाळणी चालते. सविस्तर हवं असेल तर ‘मॅन आयपी-लिंक’ (‘मॅन’ सविस्तर माहितीची पानं उघडतं). आयपीटेबल्सची (फायरवॉलचे नियम लावणाऱ्या साधनाची) तऱ्हा तिसरीच: नुसत्या ‘-एच’मध्ये मॉड्यूलचे ऑप्शन पुरते दिसत नाहीत, ‘आयपीटेबल्स -एम कॉनट्रॅक -एच’ असं मॉड्यूलचं नाव घेऊन विचारावं लागतं.

म्हणून पुस्तिकेत पहिली पायरी ‘टाइप’ (कमांड कुठल्या प्रकारची आहे ते सांगणारी कमांड) आहे. ती वगळू नका. ‘टाइप युलिमिट’ दिलं की ते शेलचं (कमांडी वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं) अंगभूत आहे असं कळतं. मग बॅश या शेलमध्ये ‘हेल्प युलिमिट’. ‘मॅन युलिमिट’ केलंत तर सी भाषेतल्या त्याच नावाच्या फंक्शनचं पान उघडू शकतं, आणि माणूस तासभर भलतंच वाचत बसतो.

बाहेरचा प्रोग्रॅम असेल तर मॅनच्या विभागाचा आकडा बघा. ‘मॅन क्रॉनटॅब’ (क्रॉनटॅब म्हणजे ठरल्या वेळी चालवायच्या कामांची यादी) हे विभाग १ चं पान कमांडबद्दल आहे. वेळेचे पाच रकाने ‘मॅन ५ क्रॉनटॅब’मध्ये. ५ म्हणजे फाइलींची मांडणी, ८ म्हणजे प्रशासनाच्या कमांडी. नावच माहीत नसेल तर ‘मॅन -के’ आणि शोधायचा शब्द. त्यात काहीच सापडत नसेल तर बहुधा सूची तयार झालेली नसते. रूट म्हणून ‘मॅनडीबी’ चालवा.

दुसरी तक्रार: ‘सिससीटीएल --हेल्प’मध्ये ‘व्हीएम.स्वॅपीनेस’चा (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, एका सेटिंगचा) अर्थ सापडत नाही. सापडणारही नाही. ते साधन किंमत वाचतं आणि लिहितं, अर्थ कर्नलचा आहे आणि तो कर्नलच्या दस्तऐवजात, प्रशासकांसाठीच्या भागात दिलेला असतो. किंमत बूटनंतरही टिकवायची तर ‘मॅन ५ सिससीटीएल.डी’ वाचा; कुठली फाइल कुठल्या क्रमाने लागू होते ते तिथे आहे. एकच की (सेटिंगचं नाव) दोन फाइलींत असेल तर नावाच्या क्रमाने नंतर येणारी जिंकते. ‘बदल केला पण लागत नाही’ अशा तक्रारींत आधी तेच तपासावं.

तुम्ही डिस्ट्रो (लिनक्सचा कुठला प्रकार) लिहिलेली नाही. अल्पाइन असेल तर बऱ्याच कमांडी बिझीबॉक्सच्या (अनेक कमांडी एकाच छोट्या प्रोग्रॅममध्ये बांधणाऱ्या संचाच्या) असतात, ‘--हेल्प’ तुटपुंजं असतं आणि मॅन पानं वेगळ्या पॅकेजात मिळतात. कंटेनरच्या छोट्या इमेजमध्ये ती मुद्दाम काढलेली असतात. इंटरनेटवरचं पान वाचणार असाल तर आधी ‘--व्हर्जन’ जुळवा.

अजून कुठलं पान तुमच्या यंत्राशी जुळत नसेल तर ‘टाइप -ए’चं आउटपुट, डिस्ट्रोचं नाव आणि प्रोग्रॅमची आवृत्ती इथेच लिहा, त्यावर इथेच उत्तर देऊ.