किती फुटाचं घर?

पुण्या-मुंबईत भाड्याचं घर बघताना चौरस फूट विचारतात. सांगलीत विचारायचे ते आयर्विन पुलाचे फूट. तिथल्या पट्टीवर कृष्णा 40 फुटांना टेकली की इशारा, 45 ला धोका. 2019 च्या पुरात ती 57 च्याही पुढं गेली होती. तेव्हा मालकाला 'भाडं किती?' नंतर विचारा. आधी विचारा, 'किती फुटाला दारात पाणी येतं?'

सरळ उत्तराची अपेक्षा मात्र ठेवू नका. "आमच्यात पाणी येतच नाही ओ," काकू ठामपणे सांगतात. चहा येईपर्यंत "2019 ला आलं होतं, तेवढंच." कप खाली ठेवताना "2021 ला नुसतं पायरीला लागलं." आपण चपला घालायला लागलो की 2005 निघतं, पण "तेव्हा काय, सगळ्यांच्यातच आलं होतं की."

म्हणून मी काकूंना विचारत नाही, भिंतीला विचारतो. खोलीचा रंग जुना आणि कमरेपर्यंत तेवढा नवाकोरा ऑइलपेंट, ही हौस नव्हे. ऑइलपेंटखाली ओल कोंडते, वर चढते आणि पट्टा संपतो तिथं बाहेर पडते. त्या कडेवरून बोट फिरवा. पोपडे आणि पांढरी भुकटी बोटाला आली, तर भिंत अजून वाळलेली नाही. बाथरूमचं दार खाली कुजलेलं असतंच, ते सोडा, बेडरूमचं बघा. तेही खालून फुगून फरशीला घासत असेल तर पाणी पाहुण्यासारखं आतपर्यंत येऊन बसून गेलंय. स्विचबोर्ड डोक्याच्या उंचीला दिसले तर मालक उंच आहे असं नाही, अनुभवी आहे.

नदीकाठच्या प्लॉटांत भाडं कमी का, हे आता सांगायला नको. शामरावनगरात नदीची वाट बघावी लागत नाही. काळी माती, निचरा नाही, पावसाचंच पाणी साचतं. तिकडचं घर मे महिन्यात बघणं म्हणजे मुलगा फक्त लग्नाच्या फोटोत बघण्यासारखं. विश्रामबाग उंचावर, पण कॉलेजंही तिथंच. जूनमध्ये पोरांच्या झुंडी उतरल्या की तीन कॉटच्या खोलीपुढं आपलं कुटुंब मालकाला तोट्याचं वाटायला लागतं.

लाइटचा मीटर स्वतंत्र आहे का, हेही बघा. एका मीटरवर दोन बिऱ्हाडं असली की दोघांचे युनिट एकत्र मोजले जातात, पहिले 100 युनिट पंधरा दिवसांत संपतात आणि पुढचे चढ्या दरानं लागतात. सबमीटर असला तरी मालक युनिटचा दर मनानं लावतो. मागचं बिल मागा. "बिल बघून काय करताय?" असं आलं की समजायचं.

करारावर सगळ्यांचं एकच पालुपद : अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला? महाराष्ट्रात ती लागतेच. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी मालकावर टाकलीय. समजा भाडं 8,000, डिपॉझिट 30,000. मुद्रांक एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं वर्षाला 10 टक्के व्याज यांच्या 0.25 टक्के, म्हणजे दोन-तीनशेचं काम; वर महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. एवढ्यासाठी 'कशाला खर्च' म्हणणारा मालक डिपॉझिट परत देताना काय म्हणेल? त्याला एवढंच सांगा, नोंदणी नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, खोटं ठरवायचं ओझं मालकावर. लगेच पोलिस ठाण्यात द्यायच्या माहितीचा फॉर्मसुद्धा तोच आणतो.

आणि तळमजला घेणार असाल तर वरच्या मजल्यावरच्यांशी मे महिन्यातच ओळख वाढवा. आंबे द्या, पापड वाळवायला हात लावा. जिन्याची रुंदीही मोजून ठेवा. ऑगस्टमध्ये फ्रिज तिथूनच वर न्यायचाय.