‘तीन तास धरले, दोनच वापरले’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. कॉन्फोकल मायक्रोस्कोप (लेझरच्या प्रकाशात पेशींची बारीक चित्रं काढणारं यंत्र) अनुदानातून आला, त्याचे पैसे एकदा भरून झाले, मग तासाला पुन्हा आकारणी कशाला, असं तुम्ही विचारता. शिवाय तीन तास बुक करून काम दोन तासांत उरकलं तरी बिल तीन तासांचं आलं, त्याला तुम्ही ‘लूट’ म्हणता. हा शब्द मला लागला, कारण असाच एक मायक्रोस्कोप मी रोज सांभाळते.

अनुदानातून यंत्र येतं. ते चालतं ठेवायचा खर्च बहुतेक वेळा येत नाही. लेझर हळूहळू मंदावतात. पाऱ्याचा दिवा साधारण २०० तासांनी बदलावा लागतो. सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टमध्ये दरवर्षी यंत्राच्या किमतीच्या दहाएक टक्के सहज जातात. वर यंत्र सांभाळणाऱ्याचा पगार. यातून संस्था जो भार उचलते तो वजा करायचा आणि उरलेल्याला वर्षभरातल्या वापराच्या तासांनी भागायचं, की दर निघतो. कंपन्यांना संस्थेच्या मदतीचा लाभ देत नाहीत, म्हणून त्यांचा दर सगळ्यांत जास्त.

खरी गोम त्या तासांत आहे. १,५०० तास धरले आणि ७५० च भरले, तरी कॉन्ट्रॅक्ट आणि पगार तेवढेच राहतात. दर जवळजवळ दुप्पट होतो. दर चढला की लोक हात आखडता घेतात आणि तास आणखी घटतात.

आता तुमचा तिसरा तास. आमच्याकडे पूर्वी फक्त लॉगिनच्या वेळेचे पैसे घ्यायचो. कॅलेंडर महिनाभर भरलेलं, आणि खोलीत बघावं तर अंधार. लोक रुमाल टाकावा तसे अख्खे दिवस अडवून ठेवायचे आणि पेशी नीट वाढल्या नाहीत की फिरकायचेच नाहीत. रद्द करण्याची तसदी कोण घेणार? त्याच दिवसांत एक विद्यार्थिनी चमकणाऱ्या रंगांनी रंगवलेल्या स्लाइड्स फॉइलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवून होती. दर दोन दिवसांनी येऊन विचारायची, “मॅडम, एखादा तास सुटला का?” तारीख मिळेपर्यंत तिच्या स्लाइड्सची चमक उतरली होती. तेव्हापासून बुक केलेला आणि वापरलेला यांतला जो वेळ जास्त, त्याचे पैसे लागतात. २४ तास आधी रद्द केलं तर काहीच पडत नाही. तुम्ही लवकर निघालात, पण तेवढ्यात दुसरं कुणी येऊ शकत नव्हतं. नमुना आदल्या दिवसापासून तयार करावा लागतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

वेळ मात्र वाचवता येतो. चित्रं मोजण्याचं काम मायक्रोस्कोपच्या कॉम्प्युटरवर करू नका. फाइल्स उचला, लॉगआउट करा, विश्लेषण आपल्या जागेवर करा. (आणि तुमच्यानंतर तासाभरात कुणी येणार असेल तर पाऱ्याचा दिवा चालूच ठेवा. गरम दिवा लगेच पुन्हा पेटवता येत नाही, थंड व्हायला अर्धा तास जातो.)

प्रशिक्षणाच्या तासांचेही पूर्ण पैसे घेतात, ही तुमची तक्रार मात्र मला पटली. एकदा एका नवख्या मुलाने ६३एक्सच्या ऑइल लेन्सवर (म्हणजे ६३ पट मोठं दाखवणाऱ्या, स्लाइडवर तेलाचा थेंब ठेवून वापरायच्या भिंगावर) काम केलं आणि स्लाइड न पुसता २०एक्सची कोरडी, म्हणजे तेलाविना वापरायची लेन्स फिरवून आणली. तेल तिला लागलं. दुसऱ्या दिवशी आलेल्या मुलीला प्रत्येक चित्रावर धुकं दिसत होतं, आणि ती दोन तास आपल्या नमुन्यातच चूक शोधत बसली. त्या मुलाला मी नंतर विचारलं, मला का नाही बोलावलं? म्हणाला, “सोबत कुणी बसलं की दर वाढतो ना.”

पहिल्या काही सत्रांत मदतीचा वेगळा आकार नसावा, असं मी वापरकर्त्यांच्या पुढच्या बैठकीत लेखी मांडणार आहे. तुमची हरकत नसेल तर तुमची प्रतिक्रिया, नाव न घालता, त्याला जोडते.