आरव्हीत कोळसा पेटवा म्हणे!

भाचा डेन्व्हरला असतो, थंडीत आरव्ही, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, घेऊन डोंगरात जातो. काळजीपोटी ताईने त्याला एक फॉरवर्ड पाठवला आणि त्याने होकाराचा अंगठा पाठवला, म्हणून हे लिहावं लागतंय. फॉरवर्ड सांगतो: प्रोपेन गॅसचा हीटर बंद पडला तर आत कोळशाची छोटी ग्रिल पेटवा, खिडकी बोटभर उघडी ठेवा, चार मेणपणत्यांवर मातीची कुंडी पालथी घाला, नाहीतर इन्व्हर्टरवर विजेचा हीटर रात्रभर चालवा, प्रोपेन शून्याखाली गोठतो, तेव्हा टाकीवर उकळतं पाणी ओता.

कोळसा. हे लिहिणाऱ्याला काही वाटलं कसं नाही? धूर दिसत नाही म्हणून निखारे निरुपद्रवी वाटतात, पण कार्बन मोनॉक्साइड त्यांतूनच निघतो, विझत आल्यावरही. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्याला जागच येत नाही. बोटभर फट पुरत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा इशारा स्पष्ट आहे: कोळसा घरात कधीच जाळू नका आणि जनरेटर दारं-खिडक्यांपासून किमान २० फूट लांब ठेवा. तो आरव्हीखाली सरकवणाऱ्यांनीही हे वाचावं. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात वीज गेली, तेव्हाच्या सरकारी मृत्युनोंदीत १९ जण याच वायूने गेले. घरं होती ती. आरव्ही म्हणजे त्यातली एक खोलीसुद्धा नाही.

कुंडीने उष्णता वाढत नाही. चार पणत्या मिळून दीडशे वॅटच्या आसपास. नुसता बसलेला माणूसही शंभरेक देतो. वर पडद्याजवळ उघडी ज्योत.

इन्व्हर्टरचं गणित तर पाचवीतलं पोरही करेल. १५०० वॅटचा हीटर १२ व्होल्टवर १२५ अँपिअर ओढतो, इन्व्हर्टरचा तोटा वेगळा. १०० अँपिअर-तासांची साधी बॅटरी निम्मीच वापरायची असते, म्हणजे वीसेक मिनिटं. लिथियमची असली तर पाऊण तास.

गोठण्याबद्दल: प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, म्हणजे शून्याखालीही त्याचा वायू होतच राहतो. शून्याच्या आसपास अडतो तो ब्युटेन, आणि आपल्याकडच्या सिलिंडरमध्ये तो बराच असतो, म्हणून ताईला पटलं असावं. कडाक्याच्या थंडीत प्रोपेनचाही दाब घटतो, टाकी तळाला गेली असेल तर जास्तच, एवढं मान्य. पण त्यावर उपाय भरलेली टाकी. उकळतं पाणी रेग्युलेटरवर जाऊन तिथेच बर्फ होईल.

आत चालणारे छोटे प्रोपेन हीटर मिळतात आणि प्राणवायू घटला की ते आपोआप बंद होतात, हेही खरं. तरी खिडकी उघडी हवी, मोनॉक्साइडचा अलार्म चालू हवा. आणि गॅसच संपला असेल तर त्यांचा काय उपयोग?

मुळात फर्नेस, म्हणजे आरव्हीतला प्रोपेनचा मुख्य हीटर, बंद पडली की आधी बॅटरी बघायची. तिचा पंखा १२ व्होल्टवर फिरतो. व्होल्टेज पडलं की टाकी भरलेली असूनही ती पेटत नाही. कॅम्पग्राउंडची, म्हणजे आरव्ही लावायच्या तळाची, वीज असेल तर सिरॅमिक हीटर लावावा. ३० अँपिअरच्या जोडणीवर दोन चालतात, वर मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडतो. नेहमी थंडीत जाणाऱ्याने धूर बाहेर सोडणारा डिझेल हीटर बसवून घ्यावा. यातलं काहीच नसेल तर १२ व्होल्टचं पन्नासेक वॅटचं गरम ब्लँकेट त्याच बॅटरीवर रात्र काढतं. तेही नसेल तर मोटेल गाठावं.