टिटवीची चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस नव्हे

दर मे महिन्यात फिरणारा तो मेसेज यंदा माझ्या मामांच्या फोनवर पोचला. भूम तालुक्यात त्यांची कोरडवाहू जमीन आहे, सोयाबीन घेतात. वर मथळा, 'पक्ष्यांनी दिला संकेत, शेतकरी मित्रांनो पेरणीला लागा'. खाली चातक म्हणून तुरा असलेल्या एका पक्ष्याचा फोटो आणि मुद्दे: टिटवीने चार अंडी घातलीत, म्हणून चार महिने पाऊस. अंडी उंचावर आहेत, म्हणून तो जोरदार. कावळ्याचं घरटं आंब्यावर आहे, म्हणून पीकपाणी चांगलं. पावशा एप्रिलपासूनच 'पेरते व्हा' ओरडतोय. आणि चातक दिसला. त्याच्या गळ्याला भोक असल्याने तो फक्त पावसाचं पाणी पितो, म्हणून तो आला की आठ दिवसांत पाऊस येणारच. मामांनी फोन करून विचारलं, "धूळपेरणी करून टाकू का?" म्हणजे पावसाआधीच कोरड्या रानात पेरणी. गंमत म्हणून पुढे ढकललेल्या मजकुरावर एका घराचा हंगाम ठरायला निघाला होता, म्हणून हे लिहिते आहे.

फोटो चातकाचा नाही. तो शिपाई बुलबुल आहे, शेपटीच्या बुडाशी लाल रंग स्वच्छ दिसतो. चातक वरून काळा, खालून पांढरा, पंखात पांढरा डाग, लांब शेपटीच्या टोकाला पांढरं. मेसेज लिहिणाऱ्याने चातक नीट पाहिलेलाच नाही, आणि तरी तो त्याच्या नावाने पेरणी करायला सांगतो.

आता टिटवी. या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण तो खोटा आहेच, शिवाय पक्ष्याच्या जिवावर उठणारा आहे. टिटवी साधारण चारच अंडी घालते. सुकाळात चार, दुष्काळातही चार. तिच्या जातकुळीतल्या पाणकाठच्या बऱ्याच पक्ष्यांची हीच रीत आहे. चारही अंडी एका दिवसात होत नाहीत, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी घरटं पाहणाऱ्याला दोनच दिसतात आणि तो गावात दोन महिन्यांचा पाऊस सांगत फिरतो. कधी एखादं अंडं कावळा किंवा मुंगूस नेतो, मग तीन उरतात. या आकड्यात पावसाचा संबंध कुठेही नाही.

उंच-सखल जागेचंही तसंच. टिटवीला उघडी, चारी बाजूंनी नजर पोचेल अशी जमीन लागते आणि जवळ पाणी लागतं. नांगरट केलेलं रान, माळ, बांध, कोरडं पडलेलं ओढ्याचं पात्र, शहरात तर इमारतीची गच्चीसुद्धा तिला चालते. तिचा विणीचा काळ मार्चपासून ऑगस्टपर्यंत पसरलेला असतो. अंडी उबायला जेमतेम महिना लागतो आणि पिल्लं बाहेर पडली की लगेच चालू लागतात. एप्रिलच्या सुरुवातीला पात्रात घातलेली अंडी मेमध्ये फुटून मोकळी होतात, त्यासाठी तिला जून-जुलैच्या पावसाचा अंदाज असण्याची गरजच नाही.

आणि या मेसेजपायी लोक काय करतात? अंडी मोजायला जातात. पोरं मोबाइल घेऊन घरट्यावर उभी राहतात, कोणी अंडं हातात धरून फोटो काढतं. मेच्या दुपारी टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे. ती त्यांच्यावर सावली धरते, पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. माणूस जवळ आला की ती ओरडत उठते आणि अंडी तापल्या जमिनीवर उघडी पडतात. आतला जीव जायला तेवढा थोडा वेळही पुरतो. शिवाय तुम्ही कुठे वाकून पाहताय ते कावळा झाडावरून बघत असतोच. रानात कुळवाची पाळी घालताना घरटं सापडलं तर चार काठ्या रोवून तेवढी जागा सोडा आणि बाजूला व्हा. कितीतरी शेतकरी हे न सांगता करतात.

कावळ्याबद्दल फार लिहीत नाही. एकाच गावात, एकाच वर्षी एक जोडी आंब्यावर घरटं करते आणि दुसरी बाभळीवर. मेसेजप्रमाणे एकीचा पाऊस चांगला आणि दुसरीचा वाईट, मग गावाने कोणाचं ऐकायचं? पावशा तर बाराही महिने इथलाच. हिवाळ्यात तो गप्प असतो आणि उन्हाळ्यात विणीचा काळ आला की ओरडू लागतो, म्हणून नवा आल्यासारखा वाटतो. एप्रिलमध्ये त्याचं ओरडणं नेहमीचंच आहे.

चातकाच्या बाबतीत मात्र थोडं मान्य करावं लागतं. गळ्याला भोक वगैरे काही नसतं. त्याच गळ्यातून तो केसाळ सुरवंट गिळतो. पण उत्तरेकडे आणि मध्य भारतात येणारे चातक आफ्रिकेतून नैर्ऋत्येच्या वाऱ्यांबरोबर येतात, हे खरं आहे. 2020 साली डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने दोन चातकांना उपग्रह टॅग लावले होते, त्यांचा प्रवास कळावा म्हणून. 2007 साली सुरू झालेल्या मायग्रंटवॉच उपक्रमात तर देशभरच्या निरीक्षकांनी चातकाच्या पहिल्या दर्शनाच्या तारखा कळवल्या. त्यातून दिसलं ते एवढंच, की चातक बहुतेक ठिकाणी मान्सूनच्या आधी पोचतो. पण किती आधी, हे ठिकाणागणिक आणि वर्षागणिक बदलतं. आठ दिवसांचा वायदा त्यात कुठेच नाही. दक्षिण भारतात तर चातकाची एक उपजात कायम वस्तीला असते. बाहेरून येणारा चातक इथे येतो कारण तो सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो आणि पावसाळ्यात सुरवंट मुबलक असतात. पुढचे चार महिने कसे जातील हे त्याला ठाऊक नसतं.

आणि पाऊस आला, तरी तो टिकेलच असं नाही. 2023 साली मान्सून 11 जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच रेंगाळला. मुंबईत पोचायला 25 जून उजाडला आणि पुढे देशातला ऑगस्ट 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. 2025 साली उलट झालं. 24 मेला केरळ, 26 मेला मुंबई, इतक्या लवकर तो मुंबईत कधी आल्याची नोंद नव्हती. आणि मग जूनच्या मध्यापर्यंत पुढची वाटचाल थांबली. पहिल्या सरींवर भुलून पेरलेलं बी अशा खंडात जागेवर करपतं. दुबार पेरणी म्हणजे बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं सगळं दुसऱ्यांदा, बहुतेकदा उसने पैसे घेऊन. मेसेज पुढे पाठवणारा त्यातला एक रुपया भरत नाही.

कृषी विभाग दरवर्षी सांगतो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय पेरू नका. मामांना मी तेच सांगितलं: धूळपेरणी नको, वाफसा येऊ द्या, म्हणजे पावसानंतर जमीन चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशी होऊ द्या. तुमच्या शिवारात खरोखर चातक दिसला तर तारीख आणि गाव ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा, ती नोंद अभ्यासकांच्या कामाची आहे. टिटवीचं घरटं दिसलं तर त्याची जागा मात्र कुठल्याच ग्रुपवर टाकू नका.