अध्यक्ष महोदय, पाणी आलंय

शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद मला कर्तृत्वामुळे मिळालं नाही, शर्टामुळे मिळालं. पालकसभेला बाकीचे बाप यंत्रमागावरून, रिक्षा कडेला लावून आले होते आणि मी ऑफिसातून, शर्ट इन करून. हेडसर म्हणाले, "अध्यक्ष पालकांतूनच निवडायचाय." सगळी सभा एकदम फरशी न्याहाळायला लागली. मागून आवाज आला, "ते इन केलेले मालक हाईत की!" टाळ्या पडल्या. सोलापुरात टाळ्या पडल्या की विषय मिटला.

मग सरांनी कायदा समजावला. 2009चा शिक्षणहक्क कायदा, कलम 21. समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, मुख्याध्यापक सचिव. कलम 22प्रमाणे शाळेचा विकास आराखडाही समितीनंच करायचा. "म्हणजे शाळा तुम्हीच चालवायची," असं म्हणून सरांनी कपाटाची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि माझ्यापुढं रजिस्टर सरकवलं. "इथं सही. आणि इथं. आणि मागं पण एक."

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली, यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्तीतली. समितीत माझ्या शेजारी बसायच्या त्या एक अक्का. दिवसभर विड्या वळणाऱ्या. पहिल्याच सभेला त्या मांडीवर सूप घेऊन आल्या. सुपात कापलेला तेंदूपत्ता, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. बोटं चालू, लक्ष सभेत. त्यांच्या डोक्यावर भिंतीवर ठळक अक्षरात रंगवलेलं : 'तंबाखूमुक्त शाळा'. विषयपत्रिकेवरचा पहिला विषयही नेमका तोच.

हेडसरांना घाम फुटला. म्हणाले, "अक्का, 2003चा कायदा हाय. शाळेपासून 100 यार्डांत तंबाखू विकायला बंदी हाय."

"मी कुठं विकतेय सर? मी वळतेय."

सर माझ्याकडे बघायला लागले. अध्यक्ष ना मी. मी म्हटलं, कायद्यात विक्रीच लिहिली असेल तर अक्कांचं बरोबर आहे, पण बरं दिसत नाही. शेवटी सूप फाटकाबाहेर ठेवायचं ठरलं. त्यावर एका सदस्यानं शंका काढली की 100 यार्ड मोजून काढले तर अक्कांचं घरसुद्धा आत येतं, त्याचं काय करायचं? हा मुद्दा इतिवृत्तात न घेण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला.

तेव्हापासून अक्का रिकाम्या हातानं यायच्या, पण हिशेब डोक्यात चालू. हजार विड्यांवर मजुरी मिळते, त्यामुळे त्यांचं घड्याळच विड्यांचं. भाषण लांबलं की त्या मला कोपरानं ढोसायच्या, "मालक, आवरा की. पन्नास विड्या झाल्या, अजून विषय दोनवरच हाय." एकदा वरून एक साहेब मार्गदर्शनाला आले होते. ते खाली बसेपर्यंत अक्कांचे सहा कट्टे बुडाले होते. पंचवीसचा एक कट्टा, म्हणजे बघा. माझ्या मते सरकारी सभांना हेच माप लावायला हवं. निदान कोणाचं काय बुडालं ते तरी कळेल.

खरी कसोटी गणवेशाची. 2024 साली गणवेश वरूनच, सगळ्या राज्याला एकसारखा असं सुरू झालं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात निर्णय फिरून काम परत समित्यांकडे आलं. एका गणवेशाला 300 रुपये. आता दुसऱ्या कुठल्या गावात हे सोपं असेल. पण सोलापूर म्हणजे परराज्यातल्या शाळांचे गणवेश शिवून पाठवणारं गाव! इथं प्रत्येकाचा कोणीतरी कटिंगला आहे, कोणीतरी काज-बटणाला आहे, एखाद्याचा मेहुणा इस्त्रीला. दरपत्रकं मागवली तर सदस्यांपेक्षा दरपत्रकं जास्त जमली. प्रत्येकाला कापडातलं कळत होतं, हीच अडचण. एकजण नमुन्याच्या चड्डीची शिवण उसवून दाखवायचा, दुसरा कापड दातात धरून पॉलिस्टर किती ते सांगायचा. आमच्या कोणाच्याच मुलाला तोवर नवी चड्डी नव्हती. शेवटी मापं घ्यायला टेलर आला, तर पोरं एवढी हलली की दुसरीच्या वर्गाची छाती सरसकट 24 लिहून तो निघून गेला.

याशिवाय खिचडीची चव बघणं हेही पालकांच्या गळ्यात. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, 450 कॅलरी, 12 ग्रॅम प्रथिनं हे सगळं कागदावर पाठ झालं होतं. मुलांना वाढण्याआधी कोणीतरी खाऊन चव रजिस्टरात लिहायचं. रजिस्टर उघडलं तर पहिल्या ओळीत 'चव चांगली' आणि खाली पानंच्या पानं '—॥—'. मी खिचडी खाल्ली, मीठ कमी होतं, तसं लिहायला पेन टेकवलं. समोर स्वयंपाकाच्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. ताट घेऊन रांगेत पहिला उभा असलेला पोरगा माझ्या कानाशी आला, "काका, चांगली लिहा. मावशी चिडल्या की कमी वाढतात." एवढ्यात मावशींनी पदराआडून डबी काढली आणि माझ्या ताटात शेंगाचटणी टाकली. कडक, तेल सुटलेली. चटणी शासन निर्णयात बसत नाही, पण तिच्यासोबत खिचडी खरोखरच चांगली लागत होती. मी '—॥—' केलं.

आणि मग पाण्याच्या टाकीचा ठराव. शाळेला मोठी टाकी हवी हे कोणालाही पटणारं. आमच्या भागात काही दिवसांआड नळ येतो, त्यात शाळेची टाकी म्हणजे एक जुनं पिंप. विषय क्रमांक चार. सूचक तयार, अनुमोदक तयार. सरांनी वाचायला सुरुवात केली तोच एका सदस्याचा फोन वाजला. मग दुसऱ्याचा. मग सगळ्यांचेच. अक्का उठत म्हणाल्या, "अध्यक्ष महोदय, पाणी आलंय." दोन मिनिटांत कोरम गेला. खोलीत सर, मी आणि हजेरीपुरती आलेली वर्गशिक्षिका. तिची चुळबुळही गल्ली कुठली ते सांगत होती.

सर म्हणाले, "तुमच्याकडं?"

"आमच्याकडं उद्या."

"मग चला रजिस्टर घेऊन."

गल्लीत मोटारी घरघरत होत्या, पाइप आडवेतिडवे पडले होते. आम्ही दारोदार फिरलो. घागर बाजूला, सही, घागर खाली. अक्कांनी ओला हात साडीला पुसला, ठरावाखाली सही केली आणि सरांना विचारलं, "टाकी कधी येणार?"

"मंजुरी आली की."

"म्हंजे किती विड्या?"

सर काही बोलले नाहीत. अक्कांनी पिंपातला पाइप काढून घागरीत घातला आणि आम्हाला म्हणाल्या, "दारात उभं राहू नका, पाइपावर पाय पडतोय."